जवळ न जाता काढलेला फोटो

मी भित्री आहे. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, म्हणजे पुढं कुणावर माझं कौतुक करायची वेळ येणार नाही. माजलगावजवळच्या एका शाळेत मी शिकवते. मुलं मला कडक बाई म्हणतात, पण वर्गात पाल निघाली तर खुर्चीवर आधी मी चढते. माझे वडील मात्र जन्मभर मेंढरांमागं हिंडलेले. आम्ही सगळे त्यांना आप्पा म्हणतो. त्यांच्या पोटी असली सशाच्या काळजाची पोर कशी आली, हे कोडं आमच्या भावकीत अजून कुणाला सुटलेलं नाही.

आप्पांना रानात बसलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. मेंढरं चरत असली की ते काठीवर भार देऊन, एक पाय दुसऱ्या गुडघ्याला टेकवून उभे. भाकरीसुद्धा उभ्यानंच खायची. मी लहान असताना एकदा पाय दुखले म्हणून उसाच्या फडाच्या कडेला बसले, तर त्यांनी दंडाला धरून मला उठवलं.

"उभ्या मानसाच्या वाटंला ते जात न्हाई," ते म्हणाले. "बसलेलं मानूस त्याला मेंढरावानी दिसतं."

'ते' म्हणजे बिबट्या. मेंढरांत असताना त्याचं नाव घ्यायचं नाही, असा आप्पांचा दंडक. त्या काळी आमच्या भागात भीती असायची ती लांडग्याची, बिबट्या नुसता बोलण्यात होता. तरी त्या दिवसापासून मी रानात कधी बसले नाही.

गेल्या दिवाळीनंतर आप्पांचा कळप तलवाड्याच्या बाजूला एका बागायतदाराच्या रानात होता. रिकाम्या रानात रात्री मेंढरं बसवायची, त्यांचं लेंडीखत जमिनीला मिळतं, आणि मालक बदल्यात ज्वारी देतो, अशी ही जुनी रीत. पंधरा दिवसांचं ठरलं होतं. रानाला लागूनच त्याच मालकाचा उभा ऊस. तिसऱ्या दिवशी कळपाचं कुत्रं गेलं. पाचव्या दिवशी एक कोकरू गेलं. आणि सहाव्या दिवशी उजाडताना आप्पांनी ते उसातून बाहेर येऊन पुन्हा आत जाताना पाहिलं.

मालक म्हणाला, "तरस आसंल. उगं बोभाटा करू नका. बिबट्या हाय म्हनलं की ऊसतोडीची टोळी फडात उतरायची न्हाई, अन् माझा ऊस वाळून जायचा."

आम्ही वनरक्षकाला बोलावलं. माणूस भला होता, त्यानं बांध न् बांध पालथा घातला. पण ठसे कुठं सापडणार? शंभर मेंढरांच्या खुरांनी सगळी माती तुडवून टाकलेली. आम्हीच आमचा पुरावा पुसला होता. त्याच्या आधी कुणीतरी भलत्याच गावाचा जुना फोटो पाठवून त्याला हेलपाटा घालायला लावला होता, त्यामुळं तोही पोळलेला. "तुमच्या रानातला एक साफ फोटू द्या," तो म्हणाला. "लगेच पिंजरा लावायचं बघतो." मी मोबाइलवर काढलेला फोटो त्याला दाखवला. उसाच्या कडेला एक तपकिरी डाग. त्यानं तो मोठा करून पाहिला तेव्हा डागही विरघळून गेला.

मी आप्पांना म्हटलं, कळप उचला आणि निघा. ते म्हणाले, "पंधरा दिस म्हनलंय." झालं. त्यांनी एकदा शब्द दिला की ब्रह्मदेव खाली आला तरी कळप हलणार नाही. मी चिडले, रडले, त्यांच्याशी एक दिवस बोलले नाही. मग शाळेतून अर्धी रजा टाकून बीडला कॅमेरा घ्यायला गेले.

दुकानदार पूर्वी लग्नाचे फोटो काढायचा. त्यानं काचेवर दोन कॅमेरे ठेवले. एक मुठीत मावेल असा, सुपरझूम. दुसरा जरा रुबाबदार, मिररलेस, त्यातला साधा. किमतीत फार फरक नव्हता, म्हणून पैशानंही मला काही मदत केली नाही. लहान कॅमेऱ्याच्या भिंगाचं नळकांडं त्यानं पुढं काढलं आणि मला दुकानाच्या दारात उभं केलं. लांब पाण्याच्या टाकीवर एक पारवा बसला होता. कॅमेऱ्यात त्याच्या मानेवरचा हिरवा रंग दिसला.

"लई लांबचं वढतो ह्यो," तो म्हणाला. मग त्यानं दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलं आणि दोन्ही कॅमेऱ्यांनी कोपऱ्यातल्या खुर्चीचा फोटो काढला. मिररलेसमध्ये खुर्चीचे वेतसुद्धा मोजता येत होते. सुपरझूमच्या फोटोवर कुणीतरी रवा सांडल्यासारखा दिसत होता.

"उजेड कमी झाला की ह्याचं काम संपलं," तो म्हणाला. "त्यो दुसरा कमी उजेडात बी काढतो. पन त्याच्यासंगं मिळतंय ते भिंग आखूड हाय. जवळ जावं लागतंय. लांबचं भिंग पायजे आसंल तर ते कॅमेऱ्यापरीस महाग. कशाचा फोटू काढायचाय, म्याडम?"

"एका जनावराचा."

"कधी निघतं ते?"

"बहुतेक दिवस मावळल्यावर."

"मग ह्यो घ्या की," तो मिररलेस पुढं सरकवत म्हणाला. "किती जवळ जाताल?"

"जायचंच नाही," मी म्हटलं.

तो हसला. मला हसू आलं नाही. मी दोन्ही कॅमेरे आळीपाळीनं हातात घेत राहिले आणि प्रत्येक वेळी मनात तोच हिशेब करत होते. मिररलेस घ्यायचा तर अंधार पडताना त्या फडापासून वीस पावलांवर उभं राहायचं. दुकानदार खरं सांगतोय हे मला कळत होतं. संध्याकाळी निघणाऱ्या जनावरासाठी कुठला कॅमेरा हवा, हे शाळेतल्या पोरालाही कळलं असतं. मी सुपरझूम घेतला.

रानापासून अर्ध्या किलोमीटरवर कालव्याचा उंच भराव आहे. तिथं स्कूटी लावायची, किल्ली तशीच ठेवायची आणि कॅमेरा लावून बघत राहायचं, असं मी ठरवलं. दोन दिवस शाळा सुटली की मी तिथं. आप्पा काठीवर उभे, मेंढरं चरताहेत, ऊस सळसळतोय. दिवस मावळला की माझ्या पडद्यावर नुसता रवा. दुसऱ्या दिवशी अंधार पडताना माझ्याच डोळ्यांना उसाच्या कडेला काहीतरी हललेलं दिसलं. कॅमेऱ्याला काहीच दिसलं नाही.

मी रानात गेले ती तणतणतच. भीती वाटली की मला आधी राग येतो, हा माझा जुना रोग.

"उजेड असतानाच ते बाहेर आलं तर फोटो येईल," मी आप्पांना म्हटलं. "हा कॅमेरा उजेडाचा आहे. अंधारात ह्याला काही दिसत नाही."

"आन् मग उजेडात ते भाईर कशानं येईल?" आप्पांनी शांतपणे विचारलं.

"मला काय माहीत? तुमचा जन्म गेला रानात, तुम्हालाच माहीत."

कॅमेरा हातात घेऊन त्यांनी त्याच्या भिंगात डोकावून पाहिलं, उलट्या बाजूनं, आणि मला परत दिला.

तिसऱ्या दिवशी मी भरावावर पोचले तेव्हा ऊन पिवळं झालं होतं, पण चांगलं होतं. कॅमेऱ्यातून पाहिलं तर कळप नेहमीपेक्षा उसाच्या फार जवळ. मला वाटलं, मेंढरं भरकटली असतील. मग आप्पा दिसले. ते फडाकडं पाठ करून उभे होते. त्यांनी काठी जमिनीवर ठेवली. खांद्यावरची घोंगडी डोक्यावरून घेतली. आणि ते खाली बसले.

मला सगळं कळलं, अगदी तेव्हाच कळलं. उजेडात ते कशानं बाहेर येतं, हे त्यांनी मला तीस वर्षांपूर्वी शिकवलं होतं.

मी ओरडले. अर्ध्या किलोमीटरवर कोण ऐकतं? त्यांच्याकडं फोन होता, पण तो त्यांनी बिऱ्हाडातच ठेवलेला असायचा. पडद्यावर त्यांची पाठ मला इतकी जवळ दिसत होती की घोंगडीचं ठिगळ दिसत होतं, आणि मी कालव्यावर होते. त्यांच्यामागं उसाचं पाचट बाजूला झालं. आधी तोंड आलं. मग खांदे. ते पोटावर दबून होतं आणि आप्पांच्या पाठीकडं बघत होतं.

मी बटण दाबलं. दाबलं कशाला, विचाराल तर मला सांगता येणार नाही. बोट बटणावर होतं म्हणून. तीन वेळा दाबलं. मग माझे हात इतके थरथरायला लागले की चित्रातून आप्पाच गेले. एवढ्या लांबचं ओढलेलं असताना हात केसभर हलला तरी तिकडं पूर्ण रान सरकतं. मी शोधायला लागले. ऊस दिसला. नुसतं आभाळ दिसलं. एक मेंढी दिसली, पुन्हा ऊस, मग बांध. माझ्या बापाच्या मागं ते बसलंय आणि मला माझा बाप सापडत नाही. कॅमेरा खाली घेऊन साध्या डोळ्यांनी बघावं, हेसुद्धा मला सुचलं नाही. मी पुटपुटत होते, आप्पा, आप्पा, आणि कॅमेरा वेड्यासारखा फिरवत होते.

आप्पा सापडले तेव्हा तसेच बसलेले होते. ते जनावर आधीपेक्षा जवळ आलं होतं. बोट पुन्हा आपोआप दाबलं गेलं. मग मी कॅमेरा गळ्यात सोडला आणि स्कूटीचा हॉर्न दाबून धरला. मेंढरं उधळली. आप्पा काठी घेऊन उभे राहिले, हात वर करून हाळी देत वळले. पिवळं काहीतरी उसात गेलं. हॉर्न मी त्यानंतरही बराच वेळ सोडला नाही, मग तशीच स्कूटी रानात घातली.

वनरक्षकानं फोटो बघताच मान डोलावली. "बिबट्याच हाय." मग त्यानं फोटो मोठा केला. "अन् हे म्होरं घोंगडी घेऊन बसलंय, ते कोन?"

"माझे वडील."

त्यानं एकदा माझ्याकडं पाहिलं. मग पिंजऱ्यासाठी फोन लावला. पिंजरा लागला, आठवडाभरात ते त्यात सापडलं आणि वनखात्याचे लोक त्याला लांब घेऊन गेले. आप्पांनी पंधरा दिवस पूर्ण केले.

निघायच्या आदल्या दिवशी मी त्यांना फोटो दाखवले. चारच आहेत. त्यांनी आधी मेंढरं पाहिली, कुठली कुठं उभी आहे ते. मग स्वतःची पाठ पाहिली, आणि तिच्यामागचं ते. बराच वेळ पाहिलं.

"भ्यालीस का गं माय?" त्यांनी विचारलं.

"हो."

"मी बी लई भ्यालो," आप्पा म्हणाले. हा शब्द मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकला. "पाठीमागं पाचट वाजलं तवा उठावं वाटलं. पन म्हनलं, पोरगी बगतीया. तिला सगळं दिसतंय. तिची नजर हाय माझ्यावर, मग कशाला उठू?"

कॅमेरा प्रत्येक फोटोची वेळ टिपून ठेवतो. तिसऱ्या आणि चौथ्या फोटोमध्ये एकोणीस सेकंद आहेत. त्या एकोणीस सेकंदांत आप्पा मला कुठंच दिसत नव्हते, हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.