शालीखालचे हुक

२०१८ साली मी एकाहत्तर वर्षांचा होतो, आणि सुईच्या बाबतीत मला कुणी शिकवायला आलेलं खपत नसे. परवा भजी बांधून आलेल्या इंग्रजी पेपराच्या तुकड्यावर, तेलाच्या डागाआड, तिचा जुना फोटो दिसला आणि ते साल उसवून वर आलं. खालची तिच्या निधनाची बातमी नातीनं वाचून दाखवली: बापाच्या दोन गिरण्यांची एकुलती वारस, मेजवान्यांची शौकीन, गर्विष्ठ. गर्विष्ठ म्हणे! भजी तशीच ठेवली मी.

आम्ही तंजावरकडचे शिंपी, तीन पिढ्या मद्रासच्या मैलापुरात. तिचं पहिलं परकर-पोलकं माझ्या हातचं. तिशीत तिला संधिवात जडला तो कायमचा. मेजवान्यांत हसणारी ती या शहराला ठाऊक होती. औषधांनी सुजणारं, पुन्हा ओसरणारं तिचं अंग ठाऊक होतं फक्त माझ्या टेपेला. मी शिवणीत कापड जास्त सोडायचो आणि तोंड मिटून ठेवायचो. गिऱ्हाइकाचं माप शिंप्यानं बाहेर बोलायचं नसतं.

तिच्या चुलतभावाच्या मुलीचं लग्न निघालं तेव्हा झंपरं टाकायला ती स्वतः गल्लीत चालत आली. म्हणाली, "मामा, हुक नकोत. पोरांच्या बुटाला असते तसली चिकटपट्टी आतून लावा. बोटं ऐकत नाहीत."

"बुटाची पट्टी झंपराला? माझ्या दुकानात नाही होणार अम्मा. घरात बायका आहेत की हुक लावायला."

"आहेत ना. लावून देतील आणि गावभर सांगतील. मग चुलतभाऊ म्हणतील, हिला झंपर घालता येत नाही, ही गिरण्या काय चालवणार?"

तरी मी हुकच लावले. पन्नास वर्षांचा हात माझा, हट्टही तेवढाच जुना.

लग्नात ती उशिरा आली. ऐन मे महिना, मद्रासचा घाम, आणि अंगावर जाड शाल, छातीशी दोन्ही मुठींनी गच्च धरलेली. थोरामोठ्यांपुढे तिनं मान लववली, हात मात्र जोडले नाहीत. माझ्या शेजारी तिची भावजय फिसकन हसली, "अय्यो, बघा महाराणी! हात जोडले तर हिऱ्याच्या अंगठ्या झिजतील!" बायका खिदळल्या. माझं डोकं भडकलं. शाल का धरलीय हे त्या मांडवात मला एकट्याला कळत होतं, आणि बोललो असतो तर तिचंच गुपित फुटलं असतं.

ती माझ्यापाशी थांबली. "मामा, शिवण छान बसलीय," म्हणाली. शालीच्या फटीतून दिसलं: वरचे दोन हुक लागलेले, बाकीचे उघडे. डोळ्यांत राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

तिला हसलेल्या त्या बायकांचा राग अजून येतो, पण गर्विष्ठ कोण होतं ते त्या पेपरवाल्यानं मला विचारायला हवं होतं. माणूस जातो, शिवलेलं मागं उरतं, चुकलेलंसुद्धा.

त्या लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी पूजा न करताच दुकान उघडलं होतं. तिची द्यायची राहिलेली झंपरं काढली, एकेक हुक उसवला आणि चिकटपट्टी शिवायला बसलो. पहिल्याच झंपराला सुई मोडली. दुसरी लावली.