बत्तीसचा ब्रेकर

पनवेलच्या आमच्या घरातली वायर जळाली, त्याला चार वर्षं झाली. दोष वायरमनच्या कामाचा, असं मी तेव्हा सोसायटीच्या सभेत सांगितलं. ते खोटं होतं.

वायरमन कामोठ्याच्या जुन्या गावातला. आमच्या घराची वायरिंग त्यानेच केलेली, अगदी नीट. पुढे बेडरूममध्ये एसी आला, तो मी गीझरच्याच लाइनवर जोडून घेतला. दोन्ही एकदम चालले की थोड्या वेळाने ब्रेकर पडून वीज जायची. वायरमन म्हणाला, ही वायर एवढा भार घेणार नाही, एसीला वेगळी लाइन ओढू. भिंतींना नुकताच रंग दिलेला, त्या फोडायला माझं मन होईना. मी सोळाऐवजी बत्तीस अँपिअरचा, दुप्पट भार होईस्तोवर न पडणारा ब्रेकर आणून स्वतःच बसवला. पडायचं थांबलं. बायकोपुढे मी मिरवलंही.

एका सकाळी गीझर आणि एसी चालू असताना मी त्याच लाइनवर इस्त्री लावली. बेडरूमच्या भिंतीतून जळका वास आला. त्या खोलीत नात झोपली होती. बायकोने धावत जाऊन मेन स्विच बंद केला, म्हणून निभावलं. तिचे हे उपकार मी कधी बोलून दाखवले नाहीत.

वायरमनने बोर्ड उघडला. "काका, हा बत्तीस आमी नाय लावला. वायर सोळाचीच हाय."

माझा मुलगा शेजारी उभा होता. त्याच्यापुढे कमीपणा नको म्हणून मी वायरमनला म्हटलं, तूच लावलास की. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि वाद घातला नाही. दिवसभर राबून एसीसाठी जाड वायर वेगळी ओढली, गीझरला पुन्हा सोळाचा ब्रेकर बसवला. आणि त्याच आठवड्यात, रविवारच्या सभेत मी दोष त्याच्यावर ढकलला. आमच्या इमारतीत त्याला कुणी बोलावेनासं झालं.

गेल्या महिन्यात त्याच्या घरी जाऊन माफी मागितली. त्याने आधी चहा दिला.

"मला सांगून काय उपयोग, काका? जिथं बोललात तिथं सांगा."

सांगितलं. सोसायटीच्या सभेत, सगळ्यांसमोर. मुलगा मान खाली घालून बसला होता. सेक्रेटरी म्हणाले, "म्हणजे चांगला माणूस सोडून आम्ही चार वर्षं भलत्यांच्या मागे फिरतोय." काही जण हसले.

काल तो शेजाऱ्यांचा गीझर जोडायला आला होता. त्याने मला हाक मारली. म्हणाला, काका, जरा टॉर्च धरा. शेजारचे दोघं तिथेच उभे होते, तरी त्याने मलाच बोलावलं. त्याचं काम होईपर्यंत मी टॉर्च धरून उभा राहिलो.