पलंगाचा मोडका पाय

बायकोनं आपल्याला ओळखू नये, असा प्रयत्न मी आयुष्यात एकदाच केला, आणि तोही अभ्यासाचा भाग म्हणून.

झालं असं, की अठ्ठेचाळिसाव्या वर्षी मला एम.ए. करायची हुक्की आली. ग्रीक-रोमन वीरकथांचा पेपर घेतला, पुस्तक हिंदी अनुवादातलं. (वीरांची नावं इथे देत नाही, ती घोकताना जीभ कायमची दुखावली आहे!) रोज सकाळी मोठ्यानं वाचायचो. स्वयंपाकघरात शोभाला, म्हणजे बायकोला, ते सगळं ऐकावंच लागे.

"तो रोमनवाला म्हाताऱ्या बापाले खांद्यावर घेऊन जळत्या शहरातून निंगाला," ती म्हणाली, "अन् तुमाले अंगणातला सिलिंडर आत आणता येत नाही!"

अशा अरसिक घरात आपली कोणी वाट पाहतं का, हे मला एकदा बघायचंच होतं.

परीक्षेला बारा दिवस जबलपूरला होतो. शेवटच्या पेपरात प्रश्न आला: वीस वर्षांनी भिकाऱ्याच्या वेषात घरी आलेल्या वीराला पत्नीने कसे पारखले? पलंगावरून! त्या पलंगाचं गुपित फक्त नवराबायकोलाच ठाऊक होतं. मी चार पानं लिहिली. लिहिताना माझेच डोळे भरून आले. ठरवलं, आपणही असंच परतायचं.

बालाघाटला उतरलो तो बारा दिवसांची दाढी, तोंडावर गमछा आणि अंगावर जुनं कांबळं. त्या वीराला त्याच्या म्हाताऱ्या कुत्र्यानं तत्काळ ओळखलं होतं. आमचा पिंट्या फाटकातच माझ्या टाचेला चावला. (टाच हा खरं तर दुसऱ्याच वीराचा विषय!)

कथेत परके पुरुष वीराचं घर खाऊन संपवत होते. आमच्याकडे ते काम लामत्याहून आलेला माझा साळा एकटाच करत होता. समोर मटणाचं ताट.

"माय, भाकर वाढ वो," मी आवाज बदलून म्हणालो.

शोभानं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "बाबा, आधी तो सिलिंडर आत नेऊन ठेवा. मंग जेवा."

ठेवला! लंगडत ठेवला!

"ताई, मजूर चांगला भेटला तुले," साळा हाड चोखत म्हणाला.

मला राहवेना. गमछा फेकून ओरडलो, "अवं शोभा, मी होय! तुझा नवरा!"

"असं? खरे नवरे असान तं सांगा, आपल्या पलंगाचा कोणता पाय मोडला आहे?"

मोडलाय? पलंग?

"डोक्याकडचा... उजवा," मी ठोकून दिलं.

"पायथ्याचा डावा! दोन वर्सं झाली, इटेवर टेकवून ठेवला आहे. दर हप्त्याले सांगून राह्यली मी तुमाले!"

साळ्यानं अंपायरसारखं बोट वर केलं. "जिजाजी, आऊट!"

मला खरंच रडू यायला लागलं. शोभानं बादली आणली आणि माझी टाच साबणानं धुवायला घेतली. "सकाळपासून रस्ता पाहून राह्यली. मटण तुमच्यासाठीच केलं, हा तं वासावर आला. अन् तुमची चाल मी रस्त्याच्या मोडावरूनच ओळखली."

त्या पेपरात विद्यापीठानं मला भरघोस गुण दिले. घरी मात्र वीट अजून जागेवरच आहे, त्यामुळे तिथला निकाल राखून ठेवलाय.