गिरणीत भांडणारा माणूस

बोरी गावात बातमी उठली ती अशी: राजेश्रीनं गिरणीत परका माणूस ठेवलाय आणि तो सकाळपासून तिच्याशी भांडतोय. नवरा पुण्याला वॉचमन, सासूला ऐकू येत नाही, मग काय, बातमीला पाय फुटले. कुणी म्हणालं हैदराबादचा आहे. कुणी म्हणालं, बोली कळत नाही म्हणजे त्याहून लांबचा. दोघी-चौघी तर घरात पीठ असताना डब्यात मूठभर हरभरे टाकून बघून आल्या.

माणूस होता, पण खिळ्याला टांगलेल्या स्पीकरात.

झालं होतं असं, की जिंतूरच्या मोबाईल दुकानात राजेश्रीनं भजनं भरायला स्पीकरचं मेमरी कार्ड दिलं आणि दुकानदारानं घाईत भलत्याच कुणाची गाणी भरून दिली. ती परत जाऊन त्याची खरडपट्टी काढणारच होती. पण गिरणीचा पट्टा फिरू लागल्यावर तिच्या ध्यानात आलं, की गिरणीच्या धडधडीत भजन बुडून जायचं, हे बुडत नाही. ढोलाचा ठोका, आणि त्यावर सपासप बोलणारा माणूस. गिरणी जेवढी ओरडेल तेवढा त्याला चेव.

परभणीला शिकणारी नणंद पंकजा घरी आली तेव्हा कोडं सुटलं. "याला हिप-हॉप म्हणतेत, वैनी. यातली काही तर तुमच्या लग्नाच्या बी आधीची हायत." मग पंकजानं अर्थ सांगितले आणि राजेश्रीनं ज्वारी निवडावी तशी गाणी निवडली. गळ्यातलं सोनं आणि दारातली गाडी मिरवणारी सगळी खड्यासारखी बाहेर. "त्याचं सोनं त्याच्यापाशी," म्हणाली. राहिली ती ऐकण्याजोगी. एक अमेरिकेतलं जुनं, वस्तीतल्या पोरांना पोलीस नाहक अडवतात त्याबद्दलचं. एक बाईचं, ती रस्त्यानं छेडणाऱ्याला तिथंच सुनावते. आणि एक मराठी, ऊसतोडीच्या टोळीत वाढलेल्या पोराचं: दिवाळी झाली की शाळा सुटायची आणि बैलगाडी निघायची. राजेश्रीचं स्वतःचं बालपण उसाच्या फडात गेलेलं. ते गाणं लागलं की ती कुणाला बोलू द्यायची नाही, गिऱ्हाईकालासुद्धा.

आता यात कुणाच्या बापाचं काय गेलं? पण आश्रुबांचं गेलं. आश्रुबा म्हणजे गल्लीतले सप्ताहाचे पुढारी, चौकात बसून गावाची इज्जत राखणारे. त्यांनी फर्मान काढलं: बाईमाणसाच्या गिरणीत शिव्यांची गाणी वाजतात, ती बंद होईपर्यंत गल्लीचं दळण तिथं जाणार नाही. गडीमाणसांनी ते मानलं. बायांना कुणी विचारलं नाही. डबे मात्र त्यांनाच डोक्यावर घेऊन बसस्टँडापल्याडच्या गिरणीला जावं लागलं.

राजेश्रीचा जळफळाट झाला, आणि का होऊ नये? याच आश्रुबांच्या पोराच्या हळदीला डीजे असा वाजला की कौलं उडायची बाकी होती. गाणी अशी, की आया लेकींना घेऊन उठून गेल्या. तेव्हा आश्रुबा कुठं होते? पहिल्या रांगेत, गमछा फिरवत. ती गाणी गावाची हौस, आणि फडातल्या लेकरांचं गाणं म्हणजे बेइज्जती! गिरणीत पीठ उडत नव्हतं, चूल त्या गिरणीवर, तरी स्पीकर खिळ्यावरच राहिला. दळण नसलं तरी ती तेच गाणं लावून बसायची.

शेवटी आश्रुबा दोघांना घेऊन स्वतः आले. त्यांना वाटलं, बाई आता नरमली असेल. उंबऱ्यातूनच म्हणाले, "राजेश्री, समजून सांगायलोय. काढ तो डब्बा."

तिनं गाणं थांबवलं. "मामा, यात शिवी कोणती हाय, तेवढी दाखवा. मी आत्ता काढते."

"शिवी कशाला दाखवायला पायजे? बोलायचा सूरच तसा हाय. डोळे वटारून बोलल्यावानी."

"डोळे कुठं दिसायलेत तुमाला, स्पीकरात?"

मागचे दोघं हसले आणि लगेच खोकले. तेवढ्यात आश्रुबांची बायको तानुबाई डोक्यावर डबा घेऊन आली, बसस्टँडाच्या वाटेवरून मागं फिरून. नवऱ्याकडं न बघता तिनं डबा गिरणीशी टेकवला. "बारीक दळ गं. त्या गिरणीतली भाकर दाताखाली करकर करायलीय."

"तू बी?" आश्रुबा म्हणाले.

"माझी मान दुखायलीय. तुमी न्या की डबा तिकडं, गावाची इज्जत हाय तर."

आश्रुबा चिडून पुन्हा राजेश्रीकडं वळले. "दळण आलं म्हणून माजू नको. हे गाणं ऐकून माणसाला लागतं, एवढं सांगतो."

राजेश्रीनं पट्टा चढवला, तानुबाईची ज्वारी ओतली आणि बटणावर बोट ठेवून म्हणाली, "पोराचं लगीन करून सून आणली तवा तिच्या माहेरच्या, पोखर्णीच्या बायांनी रिवाजापरमाणं भर मांडवात गाणं रचून तुमाला चोर म्हणलं, कंजूस म्हणलं, अन् तुमी पान चघळत हसलात, वर त्यांना साड्या नेसवल्यात. ह्या माणसानं तर तुमचं नावबी घेतलं न्हाई, मामा. मंग तुमालाच कसं काय लागलं?"