वायरीला तोंड असतं

टेपची पिन काढायची, तिच्यावर फुंकर मारायची, वायर दोन बोटांभोवती गुंडाळायची, शर्टाच्या खिशात घालायची आणि खिशावरून एकदा हात फिरवायचा. गाडी थांबली की आमच्या गाडीवाल्या काकांचं हे आधी व्हायचं, हँडब्रेक नंतर.

"भिंतीला नुसते कान असतेत सर," ते मला सांगायचे. "वायरीला तोंड बी असतंय."

आम्ही चौघं तेव्हा शहरातून खुलताबादला अप-डाऊन करायचो. गाडी त्यांची. ते आमच्या कार्यालयात आस्थापनेच्या टेबलावर होते, निवृत्तीला दोन वर्षं राहिलेली. पुढच्या सीटवर मी, मागे एक मॅडम आणि शेतीविभागातला एक तरुण गडी, त्याला आम्ही कृषीवाला म्हणायचो. रोज सकाळी मी गुलमंडीच्या तोंडाशी उभा राहायचो आणि ते बरोबर सव्वानऊला यायचे. मी बसलो की माझ्या बाजूचं दार ते स्वतः हात लांबवून दोनदा तपासायचे. दारावरही त्यांचा विश्वास नव्हता.

गाडीतला टेप जुना, पिन खुपसायचं एक भोक असलेला. त्यात ते आपलं मशीन जोडायचे. काडीपेटीएवढं मशीन, आतमध्ये गाणी भरलेली, कोपऱ्यात एक लाल दिवा. कृषीवाला म्हणायचा, "काका, नवा टेप बसवा ना. फोन बिनावायरचा जोडता येतोय."

"अन् जोडताना तो काय इचारतो माहितंय का? तुमचे समदे नंबर घेऊ का, म्हणतो. गाणं लावायला माझ्या मेव्हण्याचा नंबर कशाला लागतोय त्याला?"



ते पिनीचं उघडं टोक बोटानं दाबून दाखवायचे. स्पीकरमधून घर्रर्र आवाज यायचा. "बघा, परका हात लागला की बोंबलती. वळखती माणूस."

"पण हात तर तुमचाच आहे," मॅडम म्हणायच्या.

"माझ्यावर बी भरवसा नाय तिचा," ते म्हणायचे, आणि हसायचे मात्र नाहीत.

गाणी ते जुनी, सोज्वळ लावायचे. कुणाच्या केसालाही धक्का लागू नये अशी. पण मध्येच त्यांचा अंगठा मशीनवर जायचा आणि एखादं गाणं सुरू व्हायच्या आत पुढे ढकललं जायचं. "हे नको," एवढंच म्हणायचे. काय नको ते कधी कळलं नाही. संध्याकाळी सगळ्यांत शेवटी मला उतरवल्यावर ते लगेच निघत नसत. मी गल्लीत शिरेपर्यंत थांबायचे, मग काचा वर करायचे. एकदा मी वळून पाहिलं तर बंद काचांआड ते मान हलवत एकटेच बसले होते. तुम्ही माझ्या जागी असता तर तुम्हालाही ते जरा चमत्कारिक वाटलं असतं.

आता आमचं गुपित सांगतो. मुख्यालयी राहायचा नियम होता, आणि कागदावर आम्ही खुलताबादेत राहत होतो. एका घरमालकाची खोली आमच्या नावावर दाखवलेली होती. प्रत्यक्षात त्या खोलीत त्याच्या शेळ्या बांधलेल्या असत. गाडीत या शेळ्यांवरून आमची रोज करमणूक व्हायची. "काल रात्री झोप लागली का?" "कसली लागती, बोकड कुशीवर वळू देत नाय." असं चालायचं.

एक दिवस कार्यालयात निनावी अर्ज आला. चौघांची नावं आणि खाली सरळ वाक्य : हे कर्मचारी ज्या खोलीत राहतात तिथे शेळ्या राहतात.

 माझी मुलगी दहावीत होती, आणि चौकशी लागली तर बदली जिल्ह्याच्या पार टोकाला, सोयगावला, हे ठरलेलं. शेळ्यांची गोष्ट आम्ही गाडीबाहेर कुठे काढलेली नव्हती. मग बाहेर गेली कशी?

"त्या मशीनला बारीक भोक आहे," मॅडम हळूच म्हणाल्या. "आवाज भरून घ्यायचं असतं ते."

"अन् लाल दिवा उगाच पेटतोय का?" कृषीवाला म्हणाला.

अर्जात त्यांचंही नाव होतं. ती तर त्यांची हुशारी, असं आम्ही ठरवून टाकलं. शिवाय बदल्यांच्या फायली त्यांच्याच टेबलावरून जात. संशयाला एकदा पाय फुटले की तो कुठेही चालत जातो. पुढचे चार दिवस आम्ही गाडीत फक्त हवामानावर बोललो. त्यांनी दोनदा शेळ्यांचा विषय काढला. आम्ही तिघंही खिडकीबाहेर पाहत राहिलो.

पाचव्या दिवशी दौलताबादच्या वेशीजवळ त्यांनी गाडी बाजूला घेतली. सीताफळांच्या पाट्या लागल्या होत्या. ते उतरले, समोर गेले, एकेक फळ दाबून, उलटं करून बघू लागले. गाडीत टेपचा आवाज बंद होता, पण वायर जागेवरच होती. मशीनही. इतक्या दिवसांत पहिल्यांदा.

"आत्ताच बघा सर," मागून कृषीवाला म्हणाला.

मी मशीन उचललं. बटणं दाबत, ते नेहमी पुढे ढकलायचे त्या गाण्यापाशी पोचलो आणि आवाज वाढवला. आधी खरखर झाली, मग माणसांचा गलका आणि एक घोगरा आवाज : "मंडळी, माझा पोरगा पहिल्यांदाच उभा राहतोय. सांभाळून घ्या." ढोलकी पडली, पेटीनं सूर धरला आणि एक कोवळा, चढा आवाज सुरू झाला. बाबासाहेबांचं गाणं होतं. मी पुढचं लावलं. तेच गाणारं पोरगं, आवाज जरा फुटलेला. त्याच्या पुढचं लावलं, तर आवाज आमच्या रोजच्या ओळखीचा.

मॅडम म्हणाल्या, "अहो, बंद करा." मला बंद करायचं बटण सापडेना. मान वर केली तर ते खिडकीशी उभे होते, दोन्ही हातांत सीताफळांच्या कागदी पिशव्या.

"घोगरा आवाज माझ्या बाचा हाय," ते म्हणाले. "गायनपार्टी होती आमची. वारला, त्याला लई वर्षं झाली."

"छानच आहे की," कृषीवाला घाईनं म्हणाला. "लावायचं ना रोज!"

"म्हणलं तुम्हाला चालंल का नाय." त्यांनी पिशव्या माझ्या मांडीवर ठेवल्या. "आज वायर सोडून बघितली सर. म्हणलं, एवढे दिवस संगं जातोय, किती दिवस खिशात घालायची."

त्यांनी पिन काढली, फुंकर मारली, वायर गुंडाळली. त्यानंतर त्या गाडीत टेप कधी वाजला नाही.

आठवड्याभरात अर्जवाला सापडला. घरमालकाचा सख्खा भाऊ. ती खोली त्याला राहायला हवी होती आणि शेळ्यांवरून त्यांचं रोज भांडण व्हायचं. घरच्या भांडणातला अर्ज म्हणून चौकशी आपोआप विरली. आमची बदली झाली नाही.

संशय गाडीवाल्या काकांवरच का गेला? मशीनला लाल दिवा होता म्हणून, असं मी बायकोला सांगितलं. पण कृषीवाल्याचा फोन दिवसभर हातात पेटलेला असायचा, त्याच्यावर का नाही गेला? घरच्यांशी फोनवर ते "जय भीम" म्हणायचे तेव्हा त्यांचा आवाज एक पट्टी खाली यायचा. आमच्याशी मात्र "नमस्कार". हे मी दोन वर्षं ऐकत होतो. आवाज खाली का येतो ते मला माहीत होतं, आणि माहीत नसल्यासारखा मी शेजारी बसायचो. मला लाज वाटते.

त्यांच्या निवृत्तीच्या दिवशी परत येताना गाडीत आम्ही दोघंच होतो. मी धीर करून म्हणालो, "एकदा लावा ना, वडिलांचं."

त्यांनी गाडी चालवत पुढेच पाहिलं. "वायर जुनी झाली सर. धरत नाय आता."

गाडी त्यांनी कृषीवाल्याला विकली आणि ते लेकीकडे राहायला गेले. परवा मी पुढच्या सीटवर बसलो होतो. कृषीवाला हवा भरायला उतरला. रुमाल शोधताना पुढच्या कप्प्यात वायर सापडली, रबर लावून नीट गुंडाळलेली. मी पिन त्याच जुन्या टेपमध्ये खुपसली. पिन घट्ट बसली; वायर अजून चांगली धरत होती. दुसरं टोक माझ्या फोनला लावायला गेलो, तर माझ्या नव्या फोनला ते भोकच नाही. टोक हातात धरून बसलो, आणि बोट लागल्याबरोबर गाडी घर्रर्र करून ओरडली.