दाजी, दोन कॅमेरे आणि अक्काचे दात

ब्रह्मदेवाने माणूस घडवताना डोळे पुढे बसवू की मागे, एवढं एक जरी माझ्या दाजींना विचारलं असतं, तरी मनुष्यजात अजून जन्माला यायची होती. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे, यजमान. राहणार कुरुंदवाड. चार एकर ऊस, दोन म्हशी आणि गावच्या दूध संस्थेत फॅट तपासायची तीस वर्षं नोकरी. दुसऱ्याच्या दुधात पाणी किती, हे कॅन उघडताच सांगणारा हा माणूस स्वतःच्या चहात साखर एक चमचा घ्यावी की दीड, यावर चहा निवेपर्यंत विचार करी. कोल्हापूरला आमच्याकडे यायचं तर इचलकरंजीवरून जाणारी एसटी बरी की जयसिंगपूरवरून जाणारी, याचा खल करत स्टँडवर उभे राहत आणि दोन्ही गाड्या डोळ्यांदेखत गेल्या की घरी परतून अक्काला सांगत, "आज गाड्यांचं काय खरं न्हाय." एकदा चप्पल घ्यायला गेले. करकर वाजणारी घ्यावी की मुकी, हे ठरेना. शेवटी दोन्ही जोडांतली एकेक पायात घालून "जरा गावातनं फिरून येतो" म्हणाले आणि तिसऱ्या दिवशी दुकानात परत आले. मधल्या काळात त्याच पायांनी एक लग्न जेवून आले होते. आवाज ऐकून मांडवातल्या म्हाताऱ्यांनी त्यांना लंगडे समजून पंगतीत आधी बसवलं, हा फायदा त्यांनी नंतर कित्येक वर्षं सांगितला.

अक्काला बघायलासुद्धा ते तीनदा आले होते. आमच्या घरी तोवर कुणाला एवढ्या वेळा पोहे खाताना पाहिलं नव्हतं. मी तेव्हा सतरा वर्षांची होते आणि अकलेने त्याहून लहान. तिसऱ्या खेपेला माझी खात्रीच झाली की हा माणूस माझ्यापायी घुटमळतोय आणि बोलायचं धाडस होत नाही बिचाऱ्याला. म्हणून मी अक्काचीच जरीची साडी नेसले, तोंडाला अर्धा डबा पावडर थापली आणि पोह्यांची बशी घेऊन स्वतःच बाहेर गेले. दाजींनी बशी घेतली आणि माझ्या मागच्या दाराकडे बघत विचारलं, "त्या बऱ्या हायत न्हवं?" त्या दिवशी मी तोंड धुतलं ते पाणी दुधासारखं पांढरं निघालं. अक्का अजून चारचौघांत तो किस्सा सांगते आणि मी हसून घेते. त्या पोरीची कीव करण्यापेक्षा तिला हसलेलं बरं.

तर, कॅमेरा. ही गोष्ट सुरू झाली त्या मोठ्या पुरापासून. पाणी अक्काच्या घरात छातीभर चढलं. माणसं आणि म्हशी वेळेत बाहेर निघाली, फोटोंची पेटी राहिली. पाणी उतरल्यावर उघडली तर लग्नापासूनचे सगळे फोटो एकमेकांना चिकटून त्यांचं काळपट पिठलं झालेलं. अक्काचं तोंड या जगात फक्त मतदानाच्या ओळखपत्रावर उरलं, आणि त्यात ती कुणाचं तरी रेडकू सोडवून नेताना सापडल्यासारखी दिसते. अक्काचे वरचे दोन दात जरा पुढे. जन्मभर तिने हसू आलं की पदर तोंडाशी नेला. पण पुढच्याच वर्षी ते दोन दात हलायला लागले, हिरडी सुजू लागली, आणि दाताच्या डॉक्टरांनी ते काढावेच लागतील म्हणून सांगितलं, तेव्हा ज्यांना आयुष्यभर लपवलं त्यांच्याबद्दल तिला अचानक माया फुटली. तिने सगळ्यांसमोर जाहीर केलं, "फोटू निघाल्याबिगर दात काढायचो न्हाय मी. नातवंडांनी मला वळखायचं कशावरनं? ह्येच दात घेऊन सासरी आलो, ह्येच घेऊन फोटूत बसनार. हसून बसनार."

आता वाचणाऱ्याला वाटेल, यात काय अवघड आहे, स्टुडिओत न्यायची. नेली की. परक्या पुरुषापुढे दात दाखवायचे नाहीत हा तिचा नियम, त्यामुळे फोटोवाला बिचारा "हसा, मावशी" म्हणून घसा कोरडा करून दमला आणि मावशी ओठ आवळून बसली. मग मी पुढे सरसावले. आमच्या ह्यांनी त्या सुमारास एक छोटा कॅमेरा घेतला होता, खिशात मावणारा, कॉम्पॅक्ट म्हणतात तो. दुकानात शिरल्यापासून बाहेर पडेपर्यंत दहा मिनिटं. मला नवऱ्याच्या या झपाट्याचा भारी अभिमान, त्यामुळे मी त्या कॅमेऱ्याची विनापगारी प्रचारकच झाले होते. "नुसतं बटण दाबायचं, बाकी सगळं तोच करतो," असं मी कुरुंदवाडला जाऊन ऐटीत सांगितलं आणि अक्काचे चार फोटो काढले. चारही फोटोंत अक्काचं अर्धं तोंड एका गुलाबी डोंगराआड गेलेलं. तो डोंगर म्हणजे माझं बोट. माझ्या त्या काळातल्या सगळ्या फोटोंत तो डोंगर आहे. रामेश्वरच्या देवळापुढेही आहे.

तेव्हा दाजी म्हणाले, कॅमेरा मी घेतो आणि फोटो मीच काढतो. झालं. अक्काने त्याच क्षणी दाताचं मलम आणायला माणूस पाठवला.

कॅमेऱ्याच्या दुकानात दाजींना कळलं की कॅमेरे दोन जातीचे. एक आमच्यासारखा छोटा, आणि दुसरा मोठा, गळ्यात अडकवायचा, पुढे लेन्स चढवायची, डीएसएलआर. त्यातला दुकानदाराने दाखवला तो नवशिक्यांसाठीचा, सगळ्यांत साधा. दाजींनी त्यांची नावं धाकटा आणि थोरला अशी ठेवली आणि घराण्यातल्या वाटणीचा प्रश्न असावा तशा गांभीर्याने कामाला लागले. एका वहीत समोरासमोर दोन पानं आखली. धाकटा: खिशात बसतो, पोरंसुद्धा काढतील, पूर आला तर चटकन उचलता येतो. थोरला: फोटो गुळगुळीत येतो, पण ओझं, आणि चोराच्या नजरेत भरतो. कोण भेटेल त्याचं मत ते त्या वहीत घेत. न्हाव्याचं घेतलं, पशुवैद्याचं घेतलं, एसटीत शेजारी बसलेल्या गडहिंग्लजच्या पाहुण्याचंही घेतलं. "पावणं, तुमास्नी काय वाटतंय, थोरला का धाकटा?" तो पाहुणा समजला, पोरांच्या लग्नाबद्दल विचारतायत. त्याने थोरल्याला आधी उजवा म्हणून सांगितलं. ते मतही वहीत आहे.

एका लग्नात तर त्यांनी कहर केला. अंतरपाट धरलेला, मंगलाष्टकं चाललेली, आणि दाजींनी फोटोग्राफरचा दंड धरून त्याला खांबाआड ओढलं. ही लेन्स काढता येते का, काढली तर धूळ जाते का, गेली तर कोण काढतं. तेवढ्यात अक्षता पडल्या, माळा पडल्या, वाजंत्री वाजली आणि फोटोग्राफर अजून लेन्स कशी बसवायची ते दाखवतोय. शेवटी नवरा-नवरीला माळा काढून परत एकमेकांच्या गळ्यात घालायला लावल्या. नवरीची आई दाजींना त्यानंतर कुठल्याच कार्याचं बोलावणं करत नाही. दाजींना त्याचं दुःख नाही. एका दिवसात थोरल्याच्या पानावर सहा मुद्दे वाढले होते.

दुकानदाराशी त्यांचा व्यवहार बैलबाजारासारखा. आमच्याकडे बैल घेताना आठ दिवस जुंपून बघायची रीत आहे. पटला तर ठेवायचा, नाही तर परत. दाजींनी कोल्हापूरच्या त्या दुकानदाराला सांगितलं, दोन्ही द्या, आठ दिवस जुंपून बघतो. तो माणूस मूळचा शहरातला, त्याला हे कळेना. दाजींनी त्याला समजावलं की बाजारात सगळीच जनावरं गुणी दिसतात, खरं काय ते चिखलात कळतं. दुकानदार म्हणाला, आजोबा, कॅमेरा चिखलात नेऊ नका. दाजींनी लगेच वही काढून त्याची नोंद केली.

या सगळ्यात सव्वा वर्ष गेलं. अक्काचा गाल कधी पोळीसारखा फुगे, कधी उतरे. फुगलेला असला की फोटोचा प्रश्नच नसे, आणि उतरला की तिकडे थोरला-धाकटा चालूच. ती भाकरी दुधात कुस्करून खाऊ लागली. रात्रंदिवस लवंग दातांशी. मी दर आठवड्याला फोन करून दाजींना टोचत असे, आमच्या ह्यांनी दहा मिनिटांत घेतला म्हणून. आता आठवलं की वाटतं, कुणीतरी त्या बाईच्या हातातून फोन काढून घ्यायला हवा होता. दसऱ्याच्या आधी डॉक्टरांनी शेवटचं बजावलं: आता थांबलात तर पू पसरेल, दसऱ्यानंतरच्या आठवड्यात दात निघालेच पाहिजेत. मी ताबडतोब दाजींना आणि अक्काला कोल्हापूरला बोलावून घेतलं आणि दोघांना पुढे घालून दुकानात नेलं. मनात ठरवलंच होतं, यांना धाकटा घ्यायला लावायचा.

दाजींनी आधी धाकटा हातात घेतला. हात लांब करून त्याच्या पडद्यावर बघितलं, मान हलवली, ठेवला. मग थोरला उचलून डोळ्याला लावला. समोर स्टुलावर अक्का गालाला हात लावून बसली होती. दाजी बघत राहिले. मग कॅमेरा खाली घेत ते म्हणाले, "ह्यो." वही खिशातच होती. मी कारण विचारलं तर ऐकू न आल्यासारखं केलं. मला वाटलं, सव्वा वर्षाचा विचार आणि निकाल असा, गिऱ्हाईक दमलं की देतं तसा.

आणि मग घोटाळा केला तो मी. दुसऱ्या दिवशी दसरा. ती दोघं आमच्याकडेच मुक्कामाला होती. घरात नवी वस्तू आलेली, तिची पूजा झाल्याशिवाय वापरायची नाही, हे मी फर्मान काढलं. दारात गाडी, आणि पाटावर शिलाई मशीन, विळी आणि मधोमध दाजींचा थोरला, असं मांडलं. दाजी आपट्याची पानं आणायला गेलेले. गाडीला कुंकू लावायचं ते पुढच्या काचेखाली, मशीनला चाकाजवळ, हे ठाऊक होतं. कॅमेऱ्याचं कपाळ कुठलं? पुढे गोल, चकचकीत, सौभाग्यवतीच्या कपाळासारखी काच होती. तिच्यावर मी ओलं कुंकू भरून अंगठा टेकवला, वर हळद लावली, आणि चिकटतात का बघावं म्हणून दोन अक्षता. दाजी आले, कॅमेरा डोळ्याला लावला, आणि मटकन खाली बसले. त्यांना सगळं घर पेटल्यासारखं दिसलं होतं. मी पदराने पुसायला धावले, त्यामुळे जे अंगठ्याएवढं होतं ते काचभर झालं.

अक्काचे दात निघायला तीन दिवस उरलेले. मी मान खाली घालून कॅमेरा दुकानात नेला. वाटलं, आता दुकानदार मला जन्माचं ऐकवणार. त्याने फक्त मागचं कपाट उघडलं. आत ओळीने आठ-दहा कॅमेरे, सगळे कपाळाला कुंकू लावलेले. "काकू, दसरा झाला की आठवडाभर आमच्याकडं हेच काम," म्हणाला आणि काच साफ करायला घेतली. एकाच्या लेन्सवर तर झेंडूची पाकळी गोंदाने लावल्यासारखी बसली होती. अख्ख्या कोल्हापुरात माझ्याइतक्या शहाण्या आणखी दहा बाया आहेत, हे बघून मला फार बरं वाटलं.

फोटो निघाला तो दात काढायच्या आदल्या दिवशी, आमच्या मागच्या अंगणात, दुपारी. अक्का हिरव्या इरकलीत खुर्चीवर बसली. मी बाजूला उभी राहून सूचना देतेय, मान वर कर, पदर नीट घे, हास. दाजींनी कॅमेरा डोळ्याला लावला आणि दाबेचनात. मिनिट गेलं, दोन गेली. अक्का अवघडून म्हणाली, "दाबा की आता. काय बघताय एवढं?"

दाजी कॅमेऱ्याआडूनच म्हणाले, "बघू दे की. घरात पंधरा माणसं, समोर कायम आमचा म्हातारा बा बसल्याला. इतक्या वर्सात कवा बघाय मिळालंय तुला?"

अक्काचा हात सवयीने पदराकडे गेला आणि अर्ध्यावरच थांबला. मग ती हसली. दोन्ही दात दाखवून, सुजलेल्या गालाने, पासष्टीला टेकलेली बाई सोळाव्या वर्षात हसावी तशी. मी तोंड उघडलं होतं काहीतरी सांगायला, ते मिटून चहा टाकायला आत गेले. बटणाचा आवाज मला ओट्यापाशी ऐकू आला. एकदाच आला.

तो फोटो आज कुरुंदवाडला त्यांच्या पुढच्या सोप्यात भिंतीवर लावलेला आहे. खाली कवळी लावलेली अक्का बसलेली असते आणि शेजारी पंच्याऐंशीचे दाजी, कानाचं यंत्र आत बसणारं घ्यावं की मागे अडकवायचं, याची नवी वही घेऊन. आमचे हे जाऊन आता सहा वर्षं झाली. परवा मी ह्यांनी आमच्या धाकट्यावर काढलेले माझे फोटो घेऊन बसले होते. डबाभर आहेत. स्वच्छ, लख्ख, एकातही बोट नाही. त्यांचा हात झपाट्याचा खराच. उभी राहिले की फोटो निघालेला असे. पण त्यांना दोष कसा देऊ? प्रत्येक फोटोत माझा एक पाय पुढच्या वाटेला लागलेला आहे. ते कॅमेरा वर उचलतात न उचलतात तोच, "झालं का?" असं दरवेळी मीच विचारत असे.