अगं, तापलंय बघ

मीटर गेले आणि काही आठवड्यांनी, एका भर दुपारी, स्वयंपाकघराच्या खिडकीतून बोलले.

"अगं, बॅटरी बसत चाललीय बघ."

काकू भांडी घासत होत्या. त्यांनी मान न वळवता "बघते" म्हटलं, ओले हात पदराला पुसले, दार उघडून जिना उतरायला लागल्या आणि निम्म्या जिन्यात त्यांचे पाय जागच्या जागी थिजले. नवऱ्याच्या हाकेला 'ओ' देण्यात विशेष काही नाही, सगळा जन्म त्यात जातो. नवरा हयात नसेल तर मात्र ओ देण्यापूर्वी जरा विचार करावा लागतो.

मीटर हे अर्थात त्यांचं पाळण्यातलं नाव नव्हे. ते वस्तीच्या पाण्याच्या टाकीवर पंप चालवायचे. दाब किती, पाणी किती, मोटर किती तापली, हे काट्यावर बघत बघत माणसाचंच मीटर झालं. घरीही काट्यावाचून त्यांचं पान हलत नसे. फ्रिजमध्ये त्यांनी थर्मामीटर ठेवला होता. गॅस किती उरला हे बघायला ते सिलिंडर मिठीत घेऊन वजनकाट्यावर उभे राहत आणि मग स्वतःचं वजन वजा करत. त्यात दर वेळी भांडण होई, कारण स्वतःचं वजन ते मनाने कमी धरत आणि गॅस तितकाच जास्त भरे. गेले तेही पंपावरच, काट्यांसमोरच्या खुर्चीत बसल्या बसल्या. मोटर चालूच राहिली. त्या दिवशी टाकी भरून वाहिली आणि पाणी रस्त्यावर आलं तेव्हा वस्तीला कळलं. त्यांच्या हयातीत ती टाकी कधी वाहिली नव्हती.

मोटारसायकल घेतली तेव्हाही कंपनीने दिलेल्या मीटरवर त्यांचं समाधान होईना. "वेग आणि पेट्रोल, बास? कंपनीवाले आपल्याला काय कुक्कुलं बाळ समजतात?" सीटखाली त्यांना टोपण लावलेलं एक छोटं सॉकेट सापडलं. गॅरेजवाले त्यात आपलं यंत्र लावून गाडीची तब्येत विचारतात, असं त्यांना समजलं.

"म्हणजे गाडी परक्या माणसाला सगळं सांगते आणि मला नाही?" ते इतके दुखावले की काकूंना हसावं की समजूत घालावी कळेना.

मग त्यांनी काडेपेटीएवढी एक ब्लूटूथची डबी मागवली. तिचा प्लग सॉकेटात बसेना, म्हणून मधे जोडायची वायर मागवली. ती आली तर तिच्या पिना दुसऱ्याच गाडीच्या. ती परत करून दुसरी आणली. एक अख्खी सुट्टी ते सीट उपटून गाडीशेजारी मांडी घालून बसले होते. संध्याकाळी त्यांनी अशी काही आरोळी ठोकली की काकूंना वाटलं हात अडकला. जुन्या फोनच्या पडद्यावर गोल गोल तबकड्या उजळल्या होत्या. इंजिनाचे फेरे, पाण्याचं तापमान, बॅटरीचे व्होल्ट. प्रत्येक काटा थरथरत होता आणि मीटर त्याहून जास्त.

काही बिनसलं की ते ॲप बोलूनही सांगे. पण आवाज कुण्या परदेशी बाईचा, आणि फार लाडिक.

"ही कोण बया खिशात घेऊन फिरताय?" काकू म्हणाल्या.

ॲपमध्ये आपला आवाज भरायची सोय होती. काकू एका दुकानासाठी घरी पडदे शिवत, त्यामुळे कपाटात जाड पडद्यांचे गठ्ठे असत. मीटर त्या कपाटात शिरले, दार ओढून घेतलं आणि आत गुदमरत एकेक सूचना भरून आले. आत आवाज घुमत नाही, असं त्यांचं शास्त्र होतं. सगळ्या सूचनांची सुरुवात एकच.

"गाडी चालवणार तुम्ही, मग 'अगं' कोणाला?"

"सवय," मीटर म्हणाले. "तोंड उघडलं की 'अगं'च येतं."

तर असे हे मीटर त्या दुपारी बोलले. काकू जिना परत चढून आल्या. खिडकीत चार्जरला लावलेल्या मीटरांच्या त्या जुन्या फोनचा पडदा आपोआप उजळला होता आणि व्होल्टचा काटा हलकेच कापत होता. खाली, बरोब्बर खिडकीखाली, गाडी उभी होती. तिला कुणी हात लावला नव्हता.

गॅरेजवाल्याला सगळे पान्हा म्हणत, कारण त्याच्या मागच्या खिशात लग्नातल्या फोटोतही पान्हा आहे. तो आला, सीट काढली आणि हसला. "भूतबीत नाही, काकू. गाडी बंद असली तरी ही डबी बॅटरी चाटत बसते. फोन जवळ असला की त्याला जोडून घेते. बॅटरी खाली गेली की बोंब मारते. काढून टाकू?"

"राहू दे," काकू इतक्या चटकन म्हणाल्या की पान्ह्याने वर बघितलं.

त्याने बॅटरी चार्ज करून दिली. गाडी ठणठणीत झाली आणि घर गप्प झालं.

ते गप्प होणं वाईट होतं. आधी घरात शांतता होती, ती अंगवळणी पडत चालली होती. आता तिथे कुणीतरी होतं आणि ते बोलत नव्हतं. काकू शिवण करता करता मशीन थांबवत आणि कान देत. खिडकीतल्या काळ्या पडद्यात त्यांना स्वतःचं तोंड दिसे. त्यामागून कुणी बघत असल्यासारखं वाटे, आणि ते वाटावं म्हणून त्या पुन्हा बघत. मीटर काही बिनसल्याशिवाय बोलणार नाहीत, हे त्यांच्या हळूहळू लक्षात आलं. हयातीतही त्यांचं तसंच होतं. जेवण चांगलं झालं की माणूस मुकाट्याने खाई, मीठ कमी पडलं की पहिल्या घासाला वाचा फुटे.

मग एके सकाळी काकू किल्ली घेऊन खाली गेल्या. गाडीचा दिवा चालू ठेवला आणि वर येऊन चहा टाकला. बऱ्याच वेळाने खिडकी बोलली, "अगं, बॅटरी बसत चाललीय बघ." काकूंनी डोळे मिटले. पाठीमागे, दाराच्या चौकटीला टेकून, ओल्या चपला न काढता कुणीतरी उभं आहे, असं त्यांना स्वच्छ जाणवलं. त्या वळल्या नाहीत. वळलं की काय होतं, हे कळण्याइतक्या त्या शहाण्या होत्या.

एकदा चव लागल्यावर बाई थांबते होय! इंजिनाजवळची एक वायर उपटली की मीटर म्हणत, "अगं, हवेचा सेन्सर गप्प बसलाय, विचार त्याला." हे ऐकून त्या इतक्या दिवसांत पहिल्यांदा खुदकन हसल्या. सगळ्यात अवघड होतं ते तापमान, कारण गाडी गरम झाली की तिचा पंखा फिरायचा आणि सगळं निवायचं. पण पडदे शिवणाऱ्या बाईला झाकायचं कसं हे काय शिकवायचं? उन्हाचा किरण आत येऊ न देणाऱ्या जाड पडद्याचा एक तुकडा त्यांनी दुमडून रेडिएटर आणि पंख्यावर घट्ट बसवला आणि इंजिन चालू ठेवून वर आल्या.

नेमकी तेव्हा नणंद आली होती. ती दोन गल्ल्या सोडून राहायची आणि भाऊ गेल्यापासून वहिनीच्या काळजीने, आणि थोडी चहाच्या ओढीने, येऊन बसायची. कप ओठाला लावला आणि खिडकी गरजली, "अगं, तापलंय बघ! थांब जरा! थांब म्हणतो ना!"

कप खाली. नणंद खुर्चीवर. म्हणजे खुर्चीत नव्हे, खुर्चीवर उभी.

"वहिनी! दादा!"

"हो," काकू फडकं घेऊन शांतपणे म्हणाल्या, "बोलतात अधूनमधून."

"बोलतात? अगं, काय बोलतात?"

"तक्रारी. दुसरं काय बोलायचे?"

नणंद खाली उतरली ती रडतच. थोड्या वेळाने नाक पुसून ठामपणे म्हणाली, "गाडी विकून टाक. आजच्या आज. नाहीतर एक दिवस तू त्याच्याशी बोलत बसशील."

काकू सांडलेला चहा पुसत राहिल्या. बोलत तर त्या होत्याच.

पान्ह्याला मात्र झोप लागेना. उभी असलेली गाडी, जिला कुणी चालवत नाही, तिची वायर निघते, बॅटरी मरते, आता पंखाही जळला आणि रेडिएटरचं पाणी उकळून सांडलं. असा आजार त्याने पाहिला नव्हता. गाडी ढकलत गॅरेजात नेऊन त्याने पुढची जाळी उघडली. मग काकूंना बोलावणं धाडलं.

काकू आल्या तेव्हा त्याने हात पुढे केला. हातात कडेला करपलेला जाड कापडाचा तुकडा होता, आणि त्याला सुंदर दुहेरी टीप घातलेली होती.

"गाडीला थंडी वाजत होती का, काकू?"

काकूंनी तुकडा घेतला, उलटसुलट बघितला, जसं काही टीप नीट आली की नाही तेवढंच बघायचं होतं. मग गॅरेजातल्या फुटक्या स्टुलावर बसून त्यांनी सगळं सांगितलं.

पान्हा डोकं खाजवत ऐकत राहिला. "आणखी एकदा असं तापवलंत ना, तर इंजिन जाम होईल. मग ती डबी तरी कुणाविषयी बोलणार? बोलायला गाडी जिवंत लागते." मग त्याचा चेहरा एकदम उजळला. "पण यासाठी गाडीचा जीव कशाला घ्यायचा? आवाज फोनमध्येच आहेत की! बटण दाबा आणि ऐका."

त्याने फोन घेतला, कुठेतरी आत शिरला आणि बटण दाबलं. मीटर बोलू लागले. बॅटरी, सेन्सर, तापमान, साइड स्टँड, एकामागून एक. मधे एक खोकला, एक "च्यायला, चुकलं," आणि कपाटाचं दार करकरल्याचा आवाज. ट्यूब बदलायला आलेलं एक गिऱ्हाईक टोपी काढून उभं राहिलं.

काकूंनी सगळं ऐकलं. त्यांचं तोंड उतरत गेलं.

"हे ते नाहीत."

"आवाज तोच आहे, काकू."

"आवाज तोच आहे हो. पण तुम्ही दाबलंत म्हणून बोलले. ते असे बोलावल्यावर कधी आले होते? बोलवून बोलवून घसा सुकायचा. त्यांचं आपलं मनात येईल तेव्हा." मग त्या खालच्या आवाजात म्हणाल्या, "तुम्हीच काहीतरी बिघडवून ठेवा ना. कुठे ते मला सांगू नका."

पान्ह्याने असा चेहरा केला, जसं काही डॉक्टरला कुणी थोडासा टायफॉइड द्या म्हणावं. बिघडलेली गाडी गॅरेजाबाहेर सोडायची, तीही मुद्दाम? तो आत गेला, हात धुतले, बाहेर आला, पुन्हा आत गेला. शेवटी फोन घेऊन स्टुलाशेजारी उकिडवा बसला.

"गाडी मी बिघडवणार नाही. पण हे बघा. किती तापलं की बोलायचं, ती हद्द या ॲपमध्ये आपण ठरवायची. मी ती खाली ओढतो. गाडीला काही झालेलं नसेल, तरी रस्त्यावर जरा गरम झाली की ते ओरडतील. उगाचच."

"उगाचच?"

"अगदी उगाच."

"मग तर हुबेहूब तेच," काकू म्हणाल्या.

"आकडा मी सांगणार नाही. आणि गाडी चालती असेल तरच बोलतील, अशी अट टाकतोय. उभ्या गाडीला शाली पांघरणं बंद. चालवावी लागेल."

काकूंनी आयुष्यभर त्या गाडीच्या मागच्या सीटवर एका बाजूला पाय सोडून बसण्याचं काम केलं होतं. दुकानात पडदे पोचवायला त्या बिनगिअरची स्कूटी चालवत, पण हे धूड निराळं. गोदामांमागच्या रिकाम्या रस्त्यावर पान्ह्याने त्यांना क्लच शिकवला. नणंद कुंपणाशी उभी राहून प्रत्येक गचक्याला "आई गं" म्हणायची आणि गाडी बंद पडली की समाधानाने मान डोलवायची. इतके दिवस फोन हँडलवर होता, तबकड्या उजळलेल्या, काटे सरळ. मीटर गप्प. त्यांची हद्द लागण्याआधीच शिकवणी संपायची. कधीकधी काकूंना वाटे, रागावलेत. आपली गाडी बायकोने चालवावी, हे त्यांना जिवंतपणी सुचलं नव्हतं.

पडद्यांचा एक मोठा गठ्ठा पोचवायचा होता त्या दिवशी त्या एकट्या निघाल्या. पान्ह्याने गठ्ठा मागे बांधून दिला. रस्त्याला गर्दी होती, ऊन तापलं होतं. दुकानात गठ्ठा उतरवून परत निघाल्या तेव्हा मागची सीट रिकामी होती. तरीही पुलाच्या चढावर गाडी जड वाटली. आरशात बघायचा मोह त्यांनी टाळला. मानेवर, केसांच्या मुळाशी, ओळखीचा गरम श्वास लागल्यासारखं झालं. पूल उतरून त्या सिग्नलच्या रांगेत शिरल्या, गाडी चालती न चालती, आणि कानाशी आवाज आला.

"अगं, तापलंय बघ! थांब जरा!"

काकूंनी क्लच सुटू दिला नाही. त्यांनी तबकडीकडे पाहिलं. काटा शहाण्यासारखा मधोमध होता. काही तापलं नव्हतं. संसारात असं किती वेळा झालं असेल आणि किती वेळा त्या थांबल्या असतील, याचा हिशेब कुठल्याही मीटरवर नव्हता.

"थांब म्हणतो ना!"

"काही तापलेलंबिपलेलं नाही," काकू मोठ्याने म्हणाल्या. त्यांचे डोळे भरले होते आणि आवाज चढला होता. "मी बघितलंय. गप्प बसा आणि नीट धरून बसा."

शेजारच्या स्कूटरवरचा माणूस दचकून बघायला लागला. त्याने काकूंकडे पाहिलं, मग त्यांच्या मागच्या रिकाम्या सीटकडे पाहिलं.

"आमचे हे," काकूंनी खुलासा केला.

माणसाने अदबीने मान लववली आणि आपली स्कूटर पायाने रेटत थोडी बाजूला घेतली. सिग्नल सुटला. काकूंनी पहिला गिअर टाकला, आणि मागून पुन्हा तक्रार सुरू झाली.